पुराची बोट उन्हाळ्यात बिघडते

जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या नद्या पात्राबाहेर आल्या आणि हिंगणघाट, समुद्रपूर भागातल्या कित्येक गावांना पाण्याचा वेढा पडला. त्याच्या आदल्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२१ रोजी, वर्धा नदीतच, पण अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज इथे नाव उलटून ११ जण बुडाले होते. अशा प्रसंगी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या येतात. त्यांचे तळ नागपूर आणि धुळ्याला आहेत. नागपूर ते हिंगणघाट हे अंतर एरवी फार नाही, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पण पुलावरून पाणी वाहत असलं की ते किती वेळात कापलं जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून पहिली बोट निघते ती तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्यातरी गोदामातून. रबरी बोट आणि तिच्या पाठीला अडकवलेली पेट्रोलवरची मोटर. बचावपथकात तिला ओबीएम म्हणतात.

या मोटरची एक नेहमीची तक्रार आहे. सुरू होते, शंभर-दीडशे मीटर जाते आणि गुदमरून बंद पडते. टाकीत पेट्रोल असतं, इंजिनापर्यंत पोचत नाही. अशा वेळी काय करावं, यावर जाणत्या माणसांत दोन तट आहेत. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिला आहे. बोलणारी दोघं कल्पित आहेत. मामाजी आर्वीकडचे जुने मिस्त्री. नदीकाठची डिझेल पंपाची इंजिनं, राजदूत, लूना, चेतक यांत त्यांचा हात मुरला. भाची पॉलिटेक्निकमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली, बोटीवरच्या स्वयंसेवकांना शिकवणारी. बिघाड शोधल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, हा मामाजींचा हट्ट. पुरात बिघाड शोधायला वेळच नसतो, हे भाचीचं म्हणणं.

मामाजी : पहिले हे सांग, मोटर बंद कशी पडली? बटन दाबल्यासारखी एकदम, का मरत मरत?

भाची : त्यानं काय फरक पडतो मामाजी? बंद ती बंद.

मामाजी : सगळा फरक तिथंच हाये, माय. एकदम पडली तर करंट गेला समज. मोटर बंद करायच्या लाल दोरीची क्लिप निघाली असन, नाहीतर प्लग, नाहीतर कॉइल. पेट्रोलसाठी मरणारी मोटर आधी सांगते. रेस दिली का घुटमळते, जराशी उचलते, पुन्हा बसते, मंग बंद होते. तुमचे पोट्टे क्लिप सुटली असली तरी कार्बोरेटर खोलाले बसतात.

भाची : क्लिप आमच्या यादीत आहे. पण तिच्याही आधी वल्ही आहेत. पाण्याला सेकंदाला तीन मीटर वेग असेल, तर मोटर बंद पडलेली बोट मिनिटभरात १८० मीटर खाली वाहत जाते. तेवढ्यात पुलाचा खांब येतो, बाभूळ येते, विजेची लोंबणारी तार येते. म्हणून मी शिकवते, मोटर गुदमरली की एकानं वल्ही हातात घ्यायची, एकानं मोटरकडं पाहायचं. झाड सापडलं तर बोटीचा दोर त्याला गुंडाळायचा. मग तुमचं निदान.

मामाजी : हे कबूल. पुढं?

भाची : पुढं तीन गोष्टी पाहायच्या, अर्ध्या मिनिटात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. नळी दोन्ही टोकांना खट्कन बसलेली आहे का. आणि नळी कुणाच्या बुटाखाली किंवा टाकीखाली दबली आहे का.

हवेच्या स्क्रूपाशी जरा थांबायला हवं. टाकी जीपमधून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून हा स्क्रू घट्ट बंद करतात, आणि काठावरच्या धावपळीत तो उघडायचा राहून जातो. मोटर पेट्रोल ओढत राहते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत बाहेरची हवा शिरत नाही. दोन-चार मिनिटांत आतली ओढ इतकी वाढते की पेट्रोल पुढं सरकत नाही. झाकण सैल केलं की फुस्स आवाज होतो आणि मोटर पुन्हा सुरू होते. उलटंही घडतं. बंद टाकी उन्हात तापली की आत दाब वाढतो, नळी जोडलेली असेल तर तो पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ढकलतो, आणि मोटर सुरू व्हायच्या आधीच ओली होऊन बसते. म्हणून बोट काठाला उभी असताना नळी मोटरपासून काढून ठेवायची.

मामाजी : आता बल्बावर ये. निम्मं निदान तिथंच होते.

हा बल्ब म्हणजे नळीच्या वाटेवरचा, मुठीत मावणारा रबरी पंप. त्याच्या दोन्ही तोंडांना एकेरी झडपा असतात आणि वर बाण काढलेला असतो. बाणाचं टोक मोटरकडं. सुरू करण्याआधी बल्ब बाण वर करून उभा धरायचा आणि कडक होईपर्यंत दाबायचा. आडवा धरून दाबणारे कित्येक असतात. मग झडपा नीट बसत नाहीत आणि बल्ब कडक व्हायला उगाच वेळ लागतो.

मामाजी : मोटर चालू असताना बल्ब चपटा होऊन राह्यला, म्हणजे मोटर ओढून राह्यली पण मागून काही येत नाही. बिघाड टाकीच्या अंगाले. हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या तोंडावरची जाळी, नाहीतर नळीच. एखादी नळी बाहेरून ठणठणीत दिसते. ब्लेडनं उभी चिरून पाह्य, आतला थर सुटून पापुद्रा लोंबत असते. ओढ बसली का पापुद्रा तोंडावर येते, ओढ थांबली का बाजूले होते. बाहेरून फुंकून पाहाले गेलं तर हवा मस्त जाते. माणूस म्हणते नळी चांगली हाये, अन् दोन दिवस कार्बोरेटर खोलत बसते.

भाची : आणि बल्ब कडकच होत नसेल तर?

मामाजी : कितीही दाबला तरी मऊच, तर हवा धरली. क्लॅम्प ढिला, नळीले चीर, कनेक्टरातली ओ-रिंग गेली, नाहीतर बल्बाचीच झडप गेली. पण आधी नाक लाव. पेट्रोलचा वास सुटला अन् कार्बोरेटरातून गळून राह्यलं, तर फ्लोटची सुई उघडी अडकली. तिथं दोरी ओढत नाही बसायचं. पेट्रोलची वाफ हवेहून जड, बोटीच्या तळाशी बसते. तिले उडू दे पहिले. अन् बल्ब कडक हाये तरी मोटर उपाशी, तर बिघाड पुढं. कव्हरातला फिल्टर, मोटरकडचं कनेक्टर, सुई बंद अडकलेली, नाहीतर जेट.

भाची : यात एक भर घालते. मोटर बसायला लागली की जोडीदारानं बल्ब दाबत राहायचं. दाबल्यावर मोटर उचलली, तर इंजिनाचा पंप कमजोर आहे किंवा मागून ओढ कमी पडते आहे. आणि तसंच दाबत दाबत बोट काठाला आणता येते.

मामाजी : आणा. पण दाबत दाबत दुसऱ्या खेपेले जाऊ नका.

दाबूनही काही फरक पडला नाही तर? पुराच्या पाण्यात ही शक्यता बरीच असते. कधी पंख्याला साडी, ठिबकची नळी किंवा तुरीचं धसकट गुंडाळलेलं असतं. कधी थंड पाणी ओढायच्या जाळीत गाळ बसून मोटर तापलेली असते. मोटरच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडत असते, ती थांबली की हे ओळखावं. लक्षणं पेट्रोलच्या उपासमारीसारखीच दिसतात. मामाजींसारखा माणूस ती आवाजावरून वेगळी काढतो. चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला ते जमेल अशी अपेक्षा धरू नये.

भाची : म्हणूनच माझा आग्रह आहे की बोटीत दुसरी टाकी आणि दुसरी नळी हवीच, बल्बासकट. पहिल्या तीन गोष्टी पाहून झाल्या, मोटर अजून गुदमरते, तर टाकी-नळी सगळीच बदलायची. मिनिटभराचं काम. मोटर नीट चालली तर बिघाड काढून टाकलेल्या सामानात होता. नाही चालली तर तो मोटरमध्ये आहे, आणि तो पाण्यावर दुरुस्त होणार नाही. वल्ही मारत काठाला या.

मामाजी : अन् काढलेली टाकी?

भाची : ती काठावर आल्यावर पाहू.

मामाजी : कोन पाहन? पूर ओसरला का सगळे घरी. ती टाकी तशीच गोदामात जाते, तोच पापुद्रा घेऊन. पुढच्या पुरात तीच टाकी कोनाच्या तरी हाती लागते. तुझी अदलाबदल माणूस वाचवते, हे मी मानतो. पण बिघाड तिथंच राह्यते.

भाची : मग काढलेल्या सामानाला तिथल्या तिथं लाल चिंधी बांधायची. चिंधी असलेली टाकी उघडून, बिघाड वहीत लिहिल्याशिवाय गोदामात घ्यायचीच नाही.

मामाजी : हे पायजे. वही कोनाच्या ताब्यात राह्यन तेही लिहून ठेव.

पाण्यावरच्या कामाबद्दल मी भाचीच्या बाजूचा आहे. पुरात निदानाचा हट्ट धरणं धोक्याचं. पण वाद खरा रंगतो तो पेट्रोलवर.

मामाजी : सारी भानगड या इथेनॉलनं केली. जून २०२२ मध्ये देशभर १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के. राजदूतच्या काळात असं नव्हतं.

भाची : राजदूत सहा महिने उभी राहिली तर पहिल्या किकला सुरू व्हायची?

मामाजी : नाही व्हायची. कार्बोरेटर साफ करा लागे.

भाची : मग एकट्या इथेनॉलवर कशाला ढकलता? इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, नळीतला जुना चिकटा सोडवून पुढं नेतं, हे सगळं खरं. पण पेट्रोल ताजं असेल, भरून आठवड्याभरात वापरलं असेल, आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या असतील, तर मोटर चालते. आपल्याकडं तीच टाकी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत भरलेली पडून असते. मेमध्ये वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालच्या गोदामात काय होत असेल? पेट्रोलचा हलका भाग, ज्यावर थंड मोटर पेट घेते, तोच आधी उडून जातो. मग जून लागतो. दिवसा टाकी तापून श्वास सोडते, रात्री गार होऊन दमट हवा आत ओढते. ते पाणी इथेनॉल धरून ठेवतं. धरण्याची हद्द संपली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात.

मामाजी : अन् नळीचं तोंड तळाशीच असते.

भाची : हो. मोटर पहिला घोट त्याचाच घेते.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि अर्धा तास न हलवता सावलीत ठेवा. चांगलं पेट्रोल एकसंध राहतं. फुटलेल्या पेट्रोलमध्ये मधोमध सरळ रेघ दिसते. वरच्या थराला ऑइलचा रंग असतो आणि खालचा थर गढूळ, फिका असतो. टू-स्ट्रोक मोटरच्या दृष्टीनं त्या दोन रंगांचा अर्थ गंभीर आहे, आणि इथे मामाजींचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मामाजी : टू-स्ट्रोकले ऑइलची वेगळी टाकी नसते, निदान आपल्या साध्या मोटरीले नाही. ५० ले १, म्हणजे लिटरमागं २० मिली ऑइल पेट्रोलातच घालतो. २४ लिटरच्या टाकीले ४८० मिली. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, सगळे त्याच ऑइलवर जगतात. तुमची मोटर पेट्रोलले उपाशी तर ऑइललेही उपाशी. अन् ऑइल वरच्या थरातच राह्यते, खालच्या पाण्यात ते जातच नाही. तो खालचा थर ओढला तर पिस्टन कोरडा चालून राह्यला. मोटर बसून राह्यली म्हणून पोट्टे आनखी रेस देतात, चोक ओढतात अन् दामटतात. दोन मिनिटांत पिस्टन सिलिंडरले धरते. मंग बल्ब काय अन् टाकी काय, मोटरच गेली.

भाची : म्हणजे घुटमळली की रेस वाढवायची नाही.

मामाजी : कमीच करायची. कमी रेसवर चालत असन तर तेवढ्यावर काठाले या.

भाची : हे माझ्या यादीत नव्हतं. वल्ह्यांच्या खाली दुसऱ्या नंबरवर टाकते.

कार्बोरेटरवर दोघांचं फार बोलणं होत नाही, कारण तो पाण्यावर खोलायचाच नाही यावर एकमत आहे. काठावर, सावलीत, बिडी-काडी लांब ठेवून खोलायचा. उभ्या मोटरचा फ्लोट चेंबर उघडला की तळाशी हिरवट, मधासारखा चिकट लेप दिसतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागं राहिलेलं ते ऑइल आणि डिंक. त्यातच जेट बुडालेला असतो. मोटर धिम्या चालीवर बंद पडते पण रेसवर चालते, तर लहान जेट चोंदला. धिमी चालते पण रेसवर बसते, तर मोठा जेट किंवा मागून येणारं पेट्रोल अपुरं. मामाजी जेट तांब्याच्या बारीक तारेनं साफ करतात. भाचीला ते अजिबात मान्य नाही. पितळी छिद्राला ओरखडा गेला तरी माप बदलतं, म्हणून क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरावं, असं ती सांगते. माझं मत तिच्यासारखंच आहे.

भाची : आता खरं भांडण. मला नळी, बल्ब, ओ-रिंग, फिल्टर आणि पंपाचा डायफ्राम हे ठरावीक वर्षांनी बदलायचे आहेत. चांगले दिसले तरी.

मामाजी : चांगली नळी फेकून द्यायची? अन् नवी कुठून आणशीन? बाजारात पेट्रोलची नळी म्हणून जे विकतात ते मोटरसायकलचं असते. तिच्यानं ओढ सहन होत नाही, चपटी होते. चांगलं जुनं काढून खराब नवं लावलं तर बिघाड तू विकत घेतला.

भाची : म्हणून बोटीच्या मोटरसाठी केलेलीच घ्यायची, आणि बसवल्यावर मोटर भारावर चालवून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहायचं नाही. पण मामाजी, ४५ अंशांत रबर म्हातारं होतं ते डोळ्यांना दिसत नाही. तुम्हीच म्हणालात, बाहेरून ठणठणीत आणि आत पापुद्रा.

मामाजी : हातानं दाबून, वाकवून समजते.

भाची : तुमच्या हाताला समजतं. तुमच्यासारखे हात प्रत्येक गोदामात कुठून आणू?

मामाजींकडं याला उत्तर नाही, आणि हा प्रश्न वर्ध्यापुरता नाही. १९०९ मध्ये ओली एव्हिनरूड यांनी अमेरिकेत मिलवॉकीला अशा मोटरी विकायला सुरुवात केली. तेव्हापासून ही मोटर मुख्यतः अशा माणसांसाठी घडत आली जे ती वरचेवर वापरतात. कोकणातला मच्छीमार रोज मोटर चालवतो. त्याचं पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही, आणि आवाज बदलला की त्याला लगेच कळतं. त्याचा शत्रू खारं पाणी. आपल्याकडं मोटर वर्षातले दहा महिने उभी असते, आणि अनुभवी कानही तिच्याजवळ नसतो. म्हणून कोकणातली देखभाल इथे जशीच्या तशी चालत नाही.

भाची : फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक मोटरी घेतल्या तर जेट चोंदायचा प्रश्नच जाईल.

मामाजी : इंजेक्टर चोंदन. अन् तो आर्वीत कोन खोलन?

भाची : ते खरं आहे. मग जुनीच नीट ठेवू. हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी, सुकवलेली. कार्बोरेटरही रिकामा.

मामाजी : नळी काढून मोटर आपोआप बंद होईस्तोवर चालवली तरी चेंबरात थोडं राह्यतेच. खालचा ड्रेन स्क्रू उघडून काढा लागते. मी तर म्हणतो टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा, आत हवाच नाही तर दमट येईन कुठून?

भाची : दहा महिने भरलेली टाकी, पत्र्याखाली, उन्हाळ्यात? आगीचा धोका वेगळाच. काढलेलं पेट्रोल जीपमध्ये घाला. ऑइल मिसळलेलं असेल तर दुसऱ्या टू-स्ट्रोकला, पण पडून राहू देऊ नका.

मामाजी : बरं. पण मोटर दहा महिने मुकी ठेवशीन तर मी मानणार नाही. महिन्यातून एकदा सुरू झालीच पायजे. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून, पंख्याच्या वरच्या पट्टीच्या वर पाणी येईन असं. कोरडी कधीच नाही, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा तिथंच जळते. अन् ड्रमात चालली म्हणजे पास झाली असं नाही. भार नाही तिथं. मे महिन्यात एकदा जलाशयावर, चार माणसं बसवून, पूर्ण रेसवर दहा मिनिटं. उपाशी मोटर तिथंच पकडली जाते.

भाची : या एका गोष्टीवर आपलं भांडण नाही.

हे सगळं करायला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते बहुतेक कुणाच्या खर्चाच्या यादीत नसतं. पूर्ण रेसवर अशी ४० अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर तासाला पंधरा-वीस लिटर पेट्रोल खाते. म्हणजे दहा मिनिटांच्या चाचणीला साडेतीन लिटरांच्या आत भागतं. दरमहा ड्रममधल्या चालण्याला त्याहून कमी. सोबत दुसरी टाकी, दुसरी नळी, एक काचेची बाटली, एक वही.

तहसील कार्यालय, नगरपालिका, मंडळ किंवा महाविद्यालयाचं पथक, ज्यांच्या ताब्यात बोट आहे त्यांना विनंती एवढीच: बोटीची मोटर चालवून पाहायला लागणारं पेट्रोल पुरासाठीच्या खर्चात न धरता बारमाही खर्चात धरा, ते काढायचा अधिकार जो माणूस दोरी ओढणार आहे त्यालाच द्या, आणि भारावरची चाचणी मे संपायच्या आत करा. जूनमध्ये सापडलेल्या बिघाडाला भाग मागवायला वेळ उरत नाही.